निघण्याआधीचा दिवस

पहाटे पाच

मुंबई-नाशिक महामार्गावर पडघा यायच्या थोडं अलीकडे, सर्व्हिस रोडला लागून मुरमाचं एक मैदान आहे. जून लागला की त्याचा चिखल होतो. मग गाड्या कडेकडेने, जमीन टणक असेल तिथेच उभ्या राहतात. आज पंचवीस-तीस तरी आहेत. राजस्थानच्या, हरियाणाच्या, नागालँडच्या नंबरप्लेटी, आणि मधेच एक दहा टायरची एमएच १६.

नगरच्या या गाडीतून आधी भाचा खाली उतरतो. तो किन्नर, म्हणजे क्लीनर. हातात टामी घेऊन गाडीभोवती एक फेरी मारतो आणि प्रत्येक टायरवर एकेक ठोका देतो. टणक आवाज आला तर हवा आहे, बसका आला तर उतरली आहे. दहापैकी नऊ टायर नीट बोलतात.

"मामा, मागचा आतला बसलाय जरा."

"पंक्चर हाय का व्हॉल्व?"

"बघतो."

मामा ड्रायव्हर, पाथर्डी तालुक्यातले, पन्नाशी ओलांडलेले. मीही त्यांना मामाच म्हणतो. या मैदानावर वयाने मोठ्या ड्रायव्हरला बहुतेक सगळेच तसं म्हणतात. नागपूरहून आणलेला माल त्यांनी काल दुपारी भिवंडीत खाली केला. आज प्लास्टिकचा दाणा भरायचा आणि कोलकाता गाठायचं. सुमारे १,९०० किलोमीटर. मधे आख्खा महाराष्ट्र आडवा पडलेला, मग छत्तीसगड, ओडिशा, आणि शेवटी बंगाल.

मी या भागाला बंदर मानतो. समुद्र इथून दिसत नाही, पण खाडी फार दूर नाही. कल्याण आणि भिवंडी ही जुनी बंदरं. १६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी ती घेतली आणि मराठी आरमाराची सुरुवात याच खाड्यांच्या काठावर झाली. बंदरात उतरलेला माल थळ घाटाने देशावर चढायचा आणि घाट चढण्याआधी बैलांना विसावा लागायचा. पुढे या वाटेला आग्रा रोड म्हणू लागले. जहाजं गेली, बैल गेले, पण लांब पल्ल्याला निघण्याआधी इथे थांबणं, गाडी तपासणं, शिधा भरणं आणि मालाची वाट पाहणं तेवढं राहिलं. हा मधला दिवस हिशेबाच्या वहीत कुठे लिहिला जात नाही. गाडी कधी भरली आणि कधी पोचली एवढंच लिहिलं जातं. म्हणून तो आज तासातासाने लिहितो आहे.

सहा

मैदानात नळ नाही. संडासही नाही. पंक्चरवाल्याकडे बोअरिंग आहे. तो वीस रुपयांत दोन बादल्या पाणी देतो. रांगेत बारा-पंधरा जण उभे आहेत, कुणाच्या खांद्यावर टॉवेल, कुणाच्या हातात कालचे कपडे. भाचा दोघांचे कपडे धुऊन घेतो आणि केबिनच्या मागे दोरीवर टाकतो. आभाळ भरून आलंय. ते वाळणार नाहीत हे त्यालाही दिसतंय, पण पुढचे पाच दिवस धुणं होणार नाही.

मुंबईला मिळणाऱ्या पाण्यातला निम्म्याच्या आसपासचा वाटा भातसा धरणाचा. ते पाणी याच भिवंडी तालुक्यात पांजरापूरला शुद्ध होतं आणि माणूस उभा राहील एवढ्या जलवाहिन्यांतून शहराकडे जातं. मैदानापलीकडच्या टेकाडावर विजेचे मनोरे दिसतात. पडघ्याला मोठं वीज उपकेंद्र आहे आणि चंद्रपूरची वीज साडेसातशे किलोमीटर चालत इथवर येते. ५०० किलोव्होल्टची ही लाईन १९९९ पासून सुरू आहे. राज्याची वीज, मुंबईचं पाणी आणि देशाचा माल ज्या पट्ट्यातून जातो, तिथे रात्रभर गाडी हाकून आलेल्या माणसाला शौचाला झाडीत जावं लागतं, पावसाळ्यात सापाचा अंदाज घेत. हे मला दरवेळी लागतं. तेल कंपन्यांनी आता काही पंपांवर 'अपना घर' नावाने ड्रायव्हरांसाठी खाटा, न्हाणीघरं, स्वयंपाकाची जागा अशी सोय सुरू केली आहे आणि ते फार चांगलं काम आहे. पण माल जिथे भरायचा त्या गोदामापासून जवळ थांबावं लागतं. सोय असलेल्या पंपावर थांबून नंबर गमावणं ड्रायव्हरला परवडत नाही.

साडेसात

ट्रान्सपोर्टच्या ऑफिसातून फोन. दहाची वेळ मिळाली आहे, नऊला गेटवर लागा.

मामा "बरं" म्हणतात आणि फोन ठेवून भाच्याला सांगतात, "दुपार धर."

आठ

आता खरं काम सुरू होतं. मागचा आतला टायर काढायचा म्हणजे आधी बाहेरचा काढायचा. जॅक लावताना खाली फळी घालावी लागते, नाहीतर तो मुरमात रुततो. व्हॉल्व गळत होता. नवा बसवला, हवा भरली, आणि टायर काढलेलाच आहे तर मामांनी ब्रेकचं लायनर पाहून घेतलं. मग हवेच्या टाक्यांतलं पाणी काढलं. पावसाळी दमट हवेत ते लवकर साठतं आणि ब्रेकच्या वाटेत जातं. कूलंट, इंजिन ऑईल, पाट्यांना ग्रीस, दोन्ही वायपर, टेललाईट. युरियाची टाकी अर्धी होती, ती भरली. बीएस-६ गाडीत युरिया संपला की इंजिन ताकद सोडतं, आणि ते घाटात झालं तर मागे रांग लागते.

मामा हे सगळं न बोलता करतात. भाच्याने आधीच तपासलेली गोष्ट पुन्हा तपासतात आणि भाच्याला त्याचा राग येत नाही. तो दुसऱ्या वर्षाचा किन्नर आहे, अजून लायसन निघायचं आहे. अवजड वाहन कसं चालवायचं हे शिकवणाऱ्या शाळा आहेत, पण गाडी कशी राखायची हे आजही बहुतेकांना असंच, एका उस्तादाच्या हाताखाली, चिखलात बसून शिकावं लागतं.

शिडाच्या बोटीने महासागर ओलांडणारे लोक बंदरात थांबतात तेव्हा काय करतात, हे मी वाचलं आहे, आणि त्या वर्णनात मला हे मैदान दिसतं. दिलीप दोंदे १९ ऑगस्ट २००९ रोजी मुंबईहून 'म्हादेई' घेऊन एकटे निघाले आणि मे २०१० मध्ये पृथ्वीप्रदक्षिणा करून परतले. शिडाच्या बोटीने एकट्याने प्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय. गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या कारखान्यात बांधलेली ५६ फुटांची ही बोट वाटेत फक्त चार ठिकाणी थांबली: ऑस्ट्रेलियात फ्रीमँटल, न्यूझीलंडमध्ये लिटलटन, फॉकलंड बेटांवर पोर्ट स्टॅन्ली आणि दक्षिण आफ्रिकेत केप टाउन. २०१७-१८ मध्ये सहा महिला अधिकाऱ्यांची 'तारिणी' त्याच वाटेने गेली आणि परतताना सुकाणूच्या बिघाडामुळे मॉरिशसला, पोर्ट लुईच्या बंदरात तिला ठरल्याबाहेर थांबावं लागलं. वाचणाऱ्याला वादळं लक्षात राहतात. पण पुढचे हजारो मैल तरतात ते बंदरातल्या त्या दिवसांवर. शिडाची शिवण तपासायची, दोर कुठे घासलाय ते पाहायचं, इंजिनाचं तेल बदलायचं, टाक्या भरायच्या, कपडे धुवायचे, घरी बोलायचं, आणि हवामान पाहून निघायची घडी ठरवायची. काम तेच आहे, फक्त मामांच्या वाटेवर पाण्याऐवजी डांबर आहे.

फरक आहे तो बंदराच्या वागण्यात. बोट आली की धक्का मिळतो, पाणी मिळतं, कोणीतरी विचारपूस करतं. व्यापारी जहाजांवरच्या खलाशांसाठी तर आंतरराष्ट्रीय करार आहे, २००६ चा. भारताने तो २०१५ मध्ये स्वीकारला. चोवीस तासांत किमान १० तास विश्रांती, आठवड्यात किमान ७७ तास, आणि बंदरावर उतरलेल्या खलाशासाठी सोयी असाव्यात हेही त्यात आहे. त्यामागे शंभर वर्षांचे अपघात आणि लढे आहेत.

साडेनऊ

भाचा पडघ्याच्या बाजारात जाऊन येतो. तांदूळ, तूरडाळ, कांदे, बटाटे, तेल, हिरव्या मिरच्या, पाच किलोचा गॅस बदलून, पिण्याच्या पाण्याचे दोन कॅन. बाजरीचं पीठ आणि लसणाची चटणी घरून आलेली आहे. बाजाराच्या तोंडाशी ठाकूर बायका रानभाजी घेऊन बसल्या होत्या. शेवळं पाहून भाच्याने विचारलं, ही कशी करायची?

"काकडं घाल त्यात, नाहीतर घसा खाजंल," बाई म्हणाली, आणि पाल्यात बांधलेली काकडाची हिरवी फळं दाखवली.

आमच्याकडे मृगाच्या आसपास शेवळं खाल्ल्याशिवाय पावसाळा लागल्यासारखा वाटत नाही, आणि काकड नसेल तर त्या भाजीच्या वाटेला कोणी जात नाही. भाच्याने ती घेतली नाहीत. निवडायला आणि शिजवायला तासभर लागतो, तो नव्हता. जांभळं घेतली.

दहा ते अडीच

गोदामाच्या फाटकाबाहेरची रांग. आमच्या पुढे अकरा गाड्या.

इथे एवढी गोदामं का, हे नव्या माणसाला कोडं वाटतं. उत्तर जकातीत आहे. मुंबईच्या हद्दीत माल शिरला की जकात लागायची. म्हणून व्यापाऱ्यांनी माल हद्दीबाहेर, भिवंडीच्या ग्रामपंचायतींच्या जमिनीवर साठवायला सुरुवात केली. शहराला लागेल तेवढाच आत न्यायचा. न्हावा शेवा बंदर १९८९ मध्ये सुरू झालं, तिथला मालही इकडे वळला. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, मुंबईची जकात संपली, पण गोदामं गेली नाहीत. उलट वाढली. राज्याराज्यात छोटं गोदाम ठेवण्याचं कारण उरलं नाही, मग एकाच ठिकाणी मोठं बांधणं परवडू लागलं. माणकोली, वळ, दापोडा, सोनाळे करत ही पत्र्याची छपरं वडप्याच्या पुढे सरकली आणि आता पडघ्याच्या भातखाचरांपर्यंत आली आहेत. माझ्या ओळखीची कितीतरी कुटुंबं या जमिनींवर भाड्याने उभी राहिली. शेती गेली हेही खरं. पण तो वेगळा लेख आहे.

रांगेत गाडी बंद करता येते, झोपता येत नाही. कधी पुढची गाडी हलेल सांगता येत नाही आणि वीस फूट जागा सोडली की मागचा आत घुसतो. केबिनमध्ये उकाडा आहे. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या ट्रकांत ड्रायव्हरच्या केबिनला एसी असलाच पाहिजे असा नियम झाला आहे. मामांची गाडी त्याआधीची. त्यांनी दारं उघडून पाय बाहेर टाकले आहेत.

"रात्री किती वाजता पोचला होता?"

"पर्वा रात्री निघालो नागपूरवरनं. काल दुपारी खाली झाली. संध्याकाळी झोपायला बघितलं तर शेजारच्या गाडीची भरती लागली, तिला वाट द्यायला उठलो."

म्हणजे सलग झोप चार तासांची नाही. आणि समोर कोलकाता आहे, मालक म्हणतात पाचव्या दिवशी माल पोचला पाहिजे. रोजचे ३८० किलोमीटर. रस्ता, टोल, शहरं, घाट सगळं धरून ताशी सरासरी ४० पडली तरी रोज साडेनऊ तास स्टिअरिंगवर.

कायदा काय सांगतो? १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला आठ तास, आठवड्याला ४८ तास ही मर्यादा घातली. लांबच्या मार्गावर परवानगीने दहा तासांपर्यंत. सलग पाच तास काम झालं की अर्धा तास विश्रांती. कायदा चांगला होता. पण तो लागू होता पाच किंवा जास्त कामगार असलेल्या धंद्याला, आणि आपल्याकडे एक-दोन गाड्यांचे मालक असंख्य आहेत. मामांच्या मालकाच्या दोन गाड्या. म्हणजे कायदा त्यांच्या केबिनच्या पायरीपर्यंतही आला नाही. आता तो नव्या कामगार संहितेत सामावला गेला आहे.

रांगेत उभ्या गाडीचे हे साडेचार तास काम आहे की विश्रांती? मालकाच्या लेखी गाडी 'उभी' आहे. मामांचा भत्ता खेपेचा आहे, उभ्या दिवसाला पैसे नाहीत. गोदामाच्या लेखी गाडी अजून आतच आलेली नाही. माझ्या मते हे उघड उघड काम आहे, आणि सगळ्यात थकवणारं, कारण त्यात डोळे मिटता येत नाहीत. गाडी फाटकावर लागल्याची वेळ आणि भरून बाहेर पडल्याची वेळ दोन्ही यंत्रात नोंदल्या जातात. त्या नोंदीवरून ठरावीक तासांनंतर थांबण्याचे पैसे लागले, आणि त्यातला ठरलेला हिस्सा ड्रायव्हरच्या हातात पडला, तर या रांगा महिन्याभरात निम्म्या होतील असं मला वाटतं. फुकट मिळणाऱ्या वेळेची काटकसर कोणी करत नाही.

एक वाजता भाच्याने रांगेतच, गाडी आणि भिंतीच्या मधल्या बोळात, स्टूल मांडून डाळभात शिजवला. मागच्या गाडीचा अलवरचा ड्रायव्हर रोट्या घेऊन आला. दोघांनी वाटून खाल्लं. त्याला गुवाहाटीला जायचंय. त्याच्या बोलण्यातून कळलं की सिलीगुडीच्या पुढे पाणी भरलंय. मामांनी कोलकात्यापर्यंतच्या रस्त्याचं विचारून घेतलं: रायपूरचा बायपास, संबलपूरच्या पुढे कुठे काम चालू आहे, रात्री कुठल्या पंपावर डिझेलची चोरी होते, कुठला ढाबा बंद पडला. ही माहिती कुठल्याच नकाशात मिळत नाही.

अडीच ते सहा

आत घेतलं. प्लास्टिकचा दाणा, २५ किलोचं एक पोतं, अशी ७२० पोती. १८ टन.

हमाल माथाडी बोर्डाचे आहेत. सहा जण, सगळे साताऱ्याकडचे. त्यांची लय पाहात राहावी अशी आहे: दोघं पाठीवर देणार, दोघं वाहणार, दोघं हौद्यात रचणार, आणि पोत्याचं तोंड कुठे यायला हवं हे कोणी कोणाला सांगत नाही. अण्णासाहेब पाटलांनी हमालांना संघटित केलं आणि १९६९ मध्ये महाराष्ट्राने माथाडी कायदा केला. ज्याच्याकडे पोतं उचलायचं त्या मालकाशी हमालाचं रोजचं नातं बदलत असतं, म्हणून मजुरी बोर्डात जमा व्हावी आणि बोर्डाने भविष्यनिर्वाह निधी, बोनस, रजा सांभाळावी, ही कल्पना. बांधून ठेवणारा एक मालक नसलेल्या माणसालाही संरक्षण देता येतं हे महाराष्ट्राने पन्नास वर्षांपूर्वी करून दाखवलं. मग तेच पोतं पुढे १,९०० किलोमीटर नेणाऱ्या माणसासाठी असं काही का होऊ शकत नाही, हा प्रश्न मला या धक्क्यावर उभं राहिलं की हटकून पडतो. ड्रायव्हर आणि माथाडी यांच्यात वाराईवरून कुरबुरी होतात, कारण भरती-उतरणीचे पैसे बऱ्याचदा गाडीवाल्याच्या गळ्यात पडतात. मालाच्या मालकाने ते द्यायचे असा आग्रह वाहतूकदार संघटना धरतात आणि तो रास्त आहे. आज मात्र भरती गोदामाकडे आहे. कुरबूर नाही.

मामा पूर्ण वेळ फाळक्याजवळ उभे. पुढच्या ॲक्सलवर किती, मागच्या दोनवर किती, हे ते रचणाऱ्यांना हाताने खुणावत राहतात. वजन मागे गेलं तर घाटात पुढची चाकं हलकी होतात.

साडेसहा

वजनकाटा. २७ टन ४०० किलो. दहा टायरच्या गाडीला एकूण २८.५ टनांची मुभा आहे. २०१८ च्या जुलैपर्यंत ती २५ टन होती. तेव्हा हाच माल ओव्हरलोड ठरला असता, आणि ओव्हरलोड नेल्याशिवाय भाडं परवडत नाही असं म्हणणारे मालक होते. मुभा वाढल्यावर जास्तीचं भरणं थांबायला हवं होतं. पूर्ण थांबलेलं नाही. मामा काट्याची पावती घडी घालून कागदांच्या पिशवीत ठेवतात.

त्या पिशवीत बिल्टी, बीजक, ई-वे बिल, परमिट, फिटनेस, विमा, पीयूसी. ई-वे बिलाला दर २०० किलोमीटरला एक दिवस मिळतो, म्हणजे कोलकात्याला दहा दिवस. २०२१ च्या आधी दर १०० किलोमीटरला एक दिवस असायचा. वाटेत गाडी बिघडली तर मुदत सरायच्या आठ तास आधीपासून आठ तास नंतरपर्यंत ती वाढवून घ्यावी लागते. मामांना हे आकडे तोंडपाठ आहेत. गाडी क्रमांकात एक अक्षर चुकलं तरी नाक्यावर दंड भरावा लागतो, म्हणून ते चष्मा लावून प्रत्येक कागदावरचा नंबर बोटाने वाचतात. ऑफिसातला मुलगा घाई करतो. मामा शेवटपर्यंत वाचतात.

साडेसात

पाऊस. आणि ताडपत्री अजून घालायची आहे.

दिवसभरातलं सगळ्यात अवघड काम हेच. भाचा वर चढतो, ओल्या पोत्यांवर पाय घसरत असतो. ताडपत्री पुढून मागे उलगडायची, म्हणजे वारा खाली शिरणार नाही. पाऊस साचून पोटं पडू नयेत म्हणून मधे उंचवटा ठेवायचा. मग दोर: एका हुकातून दुसऱ्या बाजूच्या हुकात, आडवा, तिरका, पुन्हा आडवा. मामा खालून दोर खेचतात, सगळं अंग मागे टाकून. प्रत्येक गाठ अशी, की ताण आला की घट्ट होईल आणि एका हिसक्यात सुटेल. अंधारात, मोबाइलच्या उजेडात, पाऊण तास. समुद्रावर जूनपासून पावसाळी बंदी लागते, होड्या काठावर ओढून ठेवतात. रस्त्याला तसा बंद काळ नाही.

खाली उतरल्यावर भाच्याचे तळहात सोललेले दिसतात. मामा त्याला हळद-तेल लावायला सांगतात आणि स्वतःच डबी शोधून देतात.

साडेआठ

आता निघायचं कुठल्या वाटेने?

एक वाट समृद्धी महामार्गाची. नागपूरपासून इथल्या आमण्यापर्यंत ७०१ किलोमीटर. इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा ५ जून २०२५ ला खुला झाला. आमणे पडघ्याच्या अगदी जवळ. इगतपुरीजवळ सुमारे आठ किलोमीटरचा बोगदा आहे, त्यामुळे कसारा घाट पूर्ण टळतो. गाडी तापत नाही, ब्रेक वाचतात, डिझेल वाचतं. पण टोल मोठा आहे.

दुसरी वाट जुनी. अर्जुनलीचा टोल, शहापूर, खर्डी, कसारा घाट, नाशिक, धुळे, मग जळगाव-अकोला-अमरावती करत नागपूर. घाट आहे, गावं आहेत, वेळ जास्त. पण ओळखीचे ढाबे आहेत, ओळखीचे मेस्त्री आहेत, आणि रात्री गाडी बंद पडली तर माणूस भेटतो. समृद्धीवर दोन्ही बाजूंना कुंपण. सरळ रस्त्यावर सारखा एकच देखावा, आणि झोप न झालेल्या माणसाला तोच घातक ठरतो.

मालकाने खर्चीचे पैसे पाठवले आहेत ते जुन्या वाटेच्या हिशेबाने. प्रश्न तिथेच मिटतो. मामांना त्याचं वाईट वाटत नाही. घाटमाथ्यावर घाटनदेवीला नारळ फोडल्याशिवाय लांबच्या खेपेला गेलेलं त्यांना आवडत नाही. त्यांचे वडील बैलगाडीतून या घाटाने आलेले नव्हते, पण मामांना घाटाबद्दल जो आदर आहे तो वयाने त्यांच्यापेक्षा मोठा वाटतो.

नऊ

घरी फोन. मुलगी बारावीनंतर नर्सिंगला अर्ज करते आहे, फॉर्मची मुदत उद्या संपते. जातपडताळणीचं काय झालं, फी किती, हॉस्टेल मिळेल का. मामा बराच वेळ नुसतं ऐकतात. मग म्हणतात, "पैसं उद्या दुपारपर्यंत टाकतो. तू नीट भर, घाई करू नको." नंतर भाच्याच्या आईशी बोलणं, म्हणजे मामांच्या बहिणीशी. भाचा दोन वाक्यांत आटपतो. हाताचं सांगत नाही.

जेवण दुपारच्या डाळीला फोडणी देऊन, बाजरीची भाकरी, चटणी. जांभळं भाच्याने मागच्या गाडीतल्या अलवरवाल्यालाही दिली.

साडेनऊ

गाडी गोदामातून काढून पुन्हा मैदानावर आणलेली आहे. फोन वाजतो. मालक. भरली का? कागद आले का? मग निघाला का नाही? रात्रीचा रस्ता मोकळा असतो, पहाटेपर्यंत नाशिक मागे टाकाल.

मालक वाईट माणूस नाही. त्याच्या डोक्यावर बँकेचा हप्ता आहे आणि गाडी उभी राहिली की हप्ता उभा राहत नाही. तोही पूर्वी ड्रायव्हर होता. पण आता तो मोबाइलवर गाडीचा ठिपका पाहतो, आणि ठिपका हलत नसला की त्याला चैन पडत नाही. दिवसभर ठिपका फारसा हललाच नव्हता.

मामा ऐकून घेतात. मग आवाज न चढवता सांगतात, "शेठ, पर्वापासनं पाठ टेकली न्हाय. साडेतीनपर्यंत झोपतो. घाट उजाडताना लागंल असा निघतो. पाऊस हाय, धुकं असंल. कोलकात्याला पाचव्या दिवशी संध्याकाळी लावतो, सकाळी न्हाय."

पलीकडून बरंच बोलणं येतं. मामा फोन कानापासून थोडा लांब धरतात, पण ठेवत नाहीत. शेवटी म्हणतात, "तुमी सोता गाडी चालिवलीया, शेठ. तुमाला काय सांगायचं."

थोडी शांतता, आणि मग मालकाचं "बरं, पण साडेतीन म्हणजे साडेतीन."

भाच्याने चाकांना दगड लावले आहेत, डिझेलच्या टाकीचं कुलूप दोनदा ओढून पाहिलं आहे. मामा सीटमागच्या फळीवर आडवे होतात, तो पुढच्या सीटवर.

"साडेतीनला उठव. आणि आधी टायर बघ, मागचा आतला."

"बघतो, मामा."